विष आधी की औषध आधी?

पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांचे पंख लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे असत आणि ते कापड घट्ट व जलरोधक व्हावे म्हणून त्यावर ‘डोप’ नावाचा रोगणासारखा लेप चढवला जाई. या लेपातील सेल्युलोज ॲसिटेट विरघळवण्यासाठी टेट्राक्लोरोएथेन हा क्लोरिनयुक्त द्रावक वापरात होता, आणि बंद शेडमध्ये दिवसभर त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांना इंग्लंडमध्ये युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात कावीळ होऊ लागली. ब्रिटिश गृहखात्याचे विषतज्ज्ञ विल्यम विलकॉक्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मधून या काविळीचा संबंध द्रावकाशी जोडला. पाठोपाठ तोफगोळ्यांमध्ये टीएनटी हे स्फोटक भरणाऱ्या स्त्री-कामगारांतही अशीच कावीळ दिसू लागली, आणि विषजन्य काविळीची नोंद सरकारकडे करणे कारखान्यांवर बंधनकारक झाले. कारखान्यांनी या स्त्रियांना दूध द्यायला सुरुवात केली. विषाशी रोजचा संबंध असणाऱ्या माणसाला काही पौष्टिक पाजले की विष बाधत नाही, ही समजूत तेव्हाही नवी नव्हती आणि भारतातील धुळीच्या वा रंगाच्या कामावर दूध-गूळ वाटण्याच्या प्रथेत ती आजही टिकून आहे. प्रत्यक्षात रोग आटोक्यात आला तो डोपमधून टेट्राक्लोरोएथेन काढून टाकल्यामुळे, शेडमध्ये हवा खेळती ठेवल्यामुळे आणि टीएनटीच्या कामावरून माणसे ठरावीक काळाने हलवल्यामुळे. यकृताच्या रक्षणासाठी पूरक द्रव्ये देण्याचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास वाचताना हा तपशील नजरेआड होऊ देऊ नये.

या इतिहासाच्या मध्यभागी एक निराळेच रसायन आहे. कार्बन टेट्राक्लोराइड १८३९ मध्ये आंरी व्हिक्टर रेन्यो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरोफॉर्मवर क्लोरिनची प्रक्रिया करून तयार केले. रंगहीन, किंचित गोडसर वासाचे, तेलकट डाग सहज विरघळवणारे आणि मुख्य म्हणजे पेट न घेणारे हे द्रव विसाव्या शतकाच्या आरंभी कपडे धुण्याच्या दुकानांत आणि पितळी हातपंपाच्या अग्निशामकांत सर्रास दिसू लागले. १९२१ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातील परोपजीवीतज्ज्ञ मॉरिस हॉल यांनी आकडीकृमीवर, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंतावर, ते पोटातून देण्याची सूचना केली. त्यापूर्वी त्यांनी ते कुत्र्यांवर वापरले होते आणि स्वतःही घेऊन पाहिले होते. रॉकफेलर फाउंडेशनचे डॉक्टर एस. एम. लॅम्बर्ट यांनी पॅसिफिक बेटांवर, विशेषतः फिजीत, ते इतक्या झपाट्याने वापरले की १९२३ मध्ये त्यांनी वीस हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. फिजीतील ऊसमळ्यांच्या वस्त्यांत करारावर गेलेल्या हिंदी मजुरांची संख्या मोठी होती. जंत पडत, बहुतेकांना काही होत नसे, पण मधूनच एखादा रुग्ण कावीळ होऊन दगावे, आणि असे रुग्ण बरेचदा दारू पिणारे असत. दारूचा आणि या मृत्यूंचा धागा कोणता, हे कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. हॉल यांनी मात्र १९२५ मध्येच टेट्राक्लोरोएथिलीन हे त्यामानाने सौम्य द्रव्य सुचवून आपल्याच औषधाला पर्याय दिला. मग कार्बन टेट्राक्लोराइडची खरी कारकीर्द प्रयोगशाळेत सुरू झाली. लंडनमध्ये जी. आर. कॅमेरॉन आणि सिलोनहून आलेले डब्ल्यू. ए. ई. करुणारत्ने यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की, ठरावीक मात्रा पुन्हापुन्हा दिली तर उंदराचे यकृत जाळीदार व्रणांनी भरून सिरोसिसच्या अवस्थेला जाते, आणि एकच मात्रा दिली तर ते काही दिवसांत पूर्ववत होते. हव्या त्या दिवशी, हव्या तितक्या प्रमाणात यकृत बिघडवण्याची खात्रीची रीत संशोधकांच्या हाती आली.

बिघडवता येऊ लागल्यावर वाचवण्याचे प्रयत्न ओघानेच सुरू झाले, पण त्यांची प्रेरणा आहारशास्त्रातून आली. हॅरॉल्ड हिम्सवर्थ आणि एल. ई. ग्लिन यांनी १९४४ मध्ये कोणतेही विष न देता, केवळ निकृष्ट प्रथिनांच्या आहारावर ठेवून उंदरांच्या यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्याचे दाखवले. आहारात गंधक असलेली अमिनो आम्ले, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टीन, घातली की हा नाश टळत असे. त्याच वर्षी कार्बन टेट्राक्लोराइडच्या विषबाधेवर दुधातील प्रथिनाचे पाचित आणि मेथिओनिन दिल्याचा वृत्तांत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. युद्धकाळातील लष्करी रुग्णालयांत उपदंशावर आर्सेनिकच्या सुया दिल्या जात आणि त्या घेणाऱ्या कितीतरी सैनिकांना काही आठवड्यांनी कावीळ होई. आर्सेनिक गंधकाशी बांधले जाते हे माहीत असल्याने ऑक्सफर्डचे जीवरसायनज्ञ रुडॉल्फ पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सैनिकांना सिस्टीन व मेथिओनिन देऊन पाहिले, आणि कावीळ थोडी लवकर उतरत असल्याचे त्यांना वाटले. तर्कात कुठेच खोट नव्हती. खोट गृहीतकात होती. पीटर्स यांच्या चमूतील काही डॉक्टरांनी त्याच सुमारास सुया आणि पिचकाऱ्या काटेकोरपणे निर्जंतुक करून पाहिल्या आणि कावीळ जवळजवळ नाहीशी झाली. ती आर्सेनिकची बाधा नव्हतीच. एकाच पिचकारीतून एकाच्या रक्तातला विषाणू दुसऱ्याकडे जात होता. विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआप उतरते, म्हणून त्या काळात दिलेले काहीही गुणकारी वाटते, आणि हा भ्रम पुढेही या क्षेत्राची पाठ सोडत नाही.

आहाराचा हा धागा पुढे क्लाउस श्वार्ट्झ यांनी नेला. जर्मनीतून अमेरिकेतील बेथेस्डा येथे आलेल्या या संशोधकाला आढळले की टोरुला जातीच्या यीस्टवर वाढवलेल्या उंदरांचे यकृत सडते, तर बीअरच्या यीस्टवर वाढवलेल्यांचे सडत नाही. सिस्टीन आणि ई जीवनसत्त्व यांच्याखेरीज एक तिसरा संरक्षक घटक असला पाहिजे, असा निष्कर्ष काढून त्यांनी त्याला ‘घटक ३’ असे नाव दिले. १९५७ मध्ये श्वार्ट्झ आणि कॅल्व्हिन फोल्ट्झ यांनी या घटकातील सक्रिय मूलद्रव्य सेलेनियम असल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण तोवर सेलेनियमची ओळख गुरांना बाधणारे विष अशीच होती. सोळा वर्षांनी, १९७३ मध्ये, सेलेनियम हे ग्लुटाथायॉन पेरॉक्सिडेज या विकराचे, म्हणजे पेशीत साचणारी पेरॉक्साइडे निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनाचे, अंग असल्याचे उमगले. सिस्टीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम ही तीन वेगवेगळी दिसणारी द्रव्ये एकाच कामाची तीन अंगे ठरली: सिस्टीनपासून ग्लुटाथायॉन तयार होते, सेलेनियमयुक्त विकर ते वापरतो आणि ई जीवनसत्त्व पेशीच्या पटलातील मेद खवट होऊ देत नाही. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांना यकृताच्या संदर्भात जी प्रतिष्ठा मिळाली ती अशी, आणि ती आहारातील उणीव भरून काढण्याच्या प्रयोगांतून मिळाली होती. उणीव नसलेल्या देहाला तेच द्रव्य वरून दिल्यास काय होते, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही.

कार्बन टेट्राक्लोराइडचे कोडे याच सुमारास सुटत होते. सिडनीकडच्या सी. एच. गॅलाघर यांनी १९६१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की ऑक्सिडीकरणरोधक आधी दिलेले उंदीर या द्रवाच्या प्राणघातक मात्रेतूनही वाचतात. त्यानंतर इंग्लंडमध्ये टी. एफ. स्लेटर आणि क्लीव्हलँडमध्ये रिचर्ड रेकनागेल यांनी मांडणी केली की हे द्रव स्वतः विषारी नसून यकृतच त्याला विषारी करते. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या विकरसमूहाचे काम देहात आलेले परके पदार्थ बदलून बाहेर टाकण्याजोगे करण्याचे आहे. तो कार्बन टेट्राक्लोराइडचा एक क्लोरिन अणू सोडवतो आणि मागे उरतो तो एकट्या इलेक्ट्रॉनचा, अतिशय आक्रमक असा मुक्त मूलक. हा मूलक पेशीपटलातील मेदाला भिडतो, एक मेदरेणू शेजारच्याला बिघडवतो आणि साखळी लागते. हा विकर यकृतखंडाच्या मध्यशिरेभोवती सर्वाधिक असल्याने पेशीही तिथेच मरतात, आणि दारूमुळे हा विकर वाढत असल्याने फिजीतील दारूबाज रुग्णांचे मरणही उलगडते.

या मांडणीने एक मोठा उद्योग उभा राहिला. रक्तातील ट्रान्सअमिनेज विकर मोजण्याची सोपी रीत १९५० च्या दशकाच्या मध्यावर आल्यामुळे, म्हणजे रुग्णांच्या अहवालात ‘एसजीपीटी’ म्हणून येणारा आकडा हाती आल्यामुळे, यकृताची हानी रक्ताच्या थेंबावरून मोजता येऊ लागली आणि औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत एक ठरावीक प्रयोग रुळला. उंदरांचे गट पाडायचे. एका गटाला सात दिवस रोज सकाळी तोंडात नळी घालून वनस्पतीचा अर्क पाजायचा, दुसऱ्याला तुलनेसाठी सिलिमरिन हे एका काटेरी झुडपाच्या बियांतील द्रव्य द्यायचे. मग ऑलिव्ह तेलात कालवलेले कार्बन टेट्राक्लोराइड पोटात टोचायचे, चोवीस तासांनी रक्त काढायचे, यकृताचा तुकडा घोटून त्यावर थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळायचे आणि किती गुलाबी रंग चढतो ते पाहायचे. रंग जितका गडद, तितका मेद अधिक बिघडलेला. अर्क दिलेल्या उंदरांचा रंग फिका निघाला की वनस्पती ‘यकृतरक्षक’ ठरते. भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा, शरपुंखा, माका, हळद, कालमेघ असे क्वचितच एखादे नाव उरले असेल जे या चाचणीतून गेलेले नाही.

या प्रयोगाचे उणेपण त्याच्या क्रमात आहे. उंदराला औषध आधी मिळते आणि विष नंतर. माणसाचे नेमके उलट असते. शिवाय अर्काने मूलक टिपले म्हणून यकृत वाचले की विष सक्रिय करणारा विकरच अर्काने दाबला म्हणून ते वाचले, हे गुलाबी रंगावरून कळत नाही. दुसरी शक्यता खरी असेल तर विष तयारच झालेले नसते आणि ऑक्सिडीकरणरोधनाचा तिथे संबंध उरत नाही. स्वतः कार्बन टेट्राक्लोराइड तर आता माणसाच्या वाट्याला फारसे येतच नाही, कारण ओझोनचा थर विरवणारे द्रव्य म्हणून १९९० मध्ये त्याचा समावेश माँट्रियल करारात झाला. घराघरांतून हद्दपार झालेले हे रसायन प्रयोगशाळेतील उंदरांच्या वाट्याला मात्र येत राहिले आहे, हा या शाखेचा काहीसा विनोदी भाग म्हणावा लागेल.

क्रमाचा हा प्रश्न ज्या एका प्रकरणात खरोखर सुटला ते पॅरासिटामॉलचे. १९५० च्या दशकात अमेरिकेत व ब्रिटनमध्ये बाजारात आलेली ही तापाची गोळी निर्धोक म्हणून लोकप्रिय झाली, पण १९६६ मध्ये एडिंबरोच्या डेव्हिडसन आणि ईस्टहॅम यांनी एकदम पुष्कळ गोळ्या घेतलेल्या दोन रुग्णांचे यकृत काही दिवसांत मृत झाल्याचे नोंदवले. पहिल्या दिवशी रुग्णाला मळमळीपलीकडे काही होत नसे, दुसऱ्या दिवशी तो बरा वाटे आणि तिसऱ्या दिवशी कावीळ चढत जाई. बेथेस्डा येथील मिचेल, जॉलो, गिलेट व ब्रॉडी यांच्या चमूने १९७३ मध्ये त्याचे कारण शोधले: गोळीचा थोडा अंश सायटोक्रोममुळे एका दाहक द्रव्यात बदलतो, त्याला पेशीतील ग्लुटाथायॉन लगेच पकडते, पण मात्रा मोठी असली की ग्लुटाथायॉनचा साठा सुमारे सत्तर टक्के आटतो आणि त्यानंतर ते द्रव्य पेशींच्या प्रथिनांनाच चिकटू लागते. म्हणजे विष पोटात गेल्यापासून साठा आटेपर्यंत काही तासांची फट होती, आणि त्या फटीत ग्लुटाथायॉनचा कच्चा माल पोहोचवला तर यकृत वाचायला हवे होते.

एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीतील लॉरी प्रेस्कॉट यांनी प्रथम सिस्टिअमिन वापरले. ते कामी आले, पण रुग्ण उलट्यांनी हैराण होत. तिकडे ॲसिटिलसिस्टीन हे सिस्टीनचे एक साधे रूप छातीतील कफ पातळ करण्यासाठी डॉक्टरांच्या कपाटात आधीपासून होतेच. १९७७ मध्ये प्रेस्कॉट यांनी ते शिरेतून दिले आणि १९७९ मध्ये शंभर रुग्णांचा हिशेब मांडला: पहिल्या दहा तासांत उपचार मिळालेल्या बासष्ट जणांपैकी एकाच्याच यकृताची गंभीर हानी झाली, तर पूर्वी केवळ आधारोपचारावर ठेवलेल्या सत्तावन्न रुग्णांपैकी तेहतीस जणांची झाली होती. पहिल्या पंधरा मिनिटांत दर किलो वजनाला १५० मिलिग्रॅम, पुढील चार तासांत ५० आणि त्यापुढील सोळा तासांत १००, असे त्यांचे वीस तासांचे वेळापत्रक जगभर रुळले. डेन्व्हरचे बॅरी रुमॅक आणि एडिंबरोचे हेन्री मॅथ्यू यांनी १९७५ मध्ये काढलेला आलेख त्याच्या जोडीला होता. गोळ्या घेऊन किती तास झाले आणि रक्तात औषध किती आहे, या दोन आकड्यांची गाठ कोणत्या रेषेच्या वर पडते ते पाहून कोणाला उपचार द्यायचा हे ठरू लागले. तास मोजणे हाच या यशाचा गाभा होता. आठ तासांच्या आत जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळे आणि पुढे ते झपाट्याने ओसरे.

मग औषध विषाबरोबरच पोटात असावे म्हणून दोन्ही एकाच गोळीत घालण्याची कल्पनाही निघाली. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉलबरोबर मेथिओनिन असलेली ‘पॅमेटॉन’ ही गोळी विक्रीस आली. तर्कदृष्ट्या ती निर्दोष होती, तरी बाजारात तिचा जम बसला नाही; किंमत जास्त, आणि डोके दुखले म्हणून गोळी घेणाऱ्या लाखोंना नको असलेले अमिनो आम्ल कशासाठी द्यावे, हा आक्षेपही खरा. ब्रिटनने १९९८ मध्ये अखेर वेगळा मार्ग धरला आणि एका वेळी विकत मिळणाऱ्या गोळ्यांच्या संख्येवरच मर्यादा घातली.

वनस्पतींपैकी सर्वांत पुढे गेलेले सिलिमरिन ॲसिटिलसिस्टीनशी ताडून पाहण्यासारखे आहे. भूमध्य प्रदेशातील जांभळ्या फुलाच्या काटेरी झुडपाच्या बिया युरोपात यकृतासाठी जुन्या काळापासून वापरल्या जात, आणि म्युनिकच्या हिल्डेबर्ट वाग्नर यांनी १९६८ मध्ये त्यांतील द्रव्यांचे रसायन उलगडल्यावर कोलोनच्या माडाउस कंपनीने ‘लेगालॉन’ बाजारात आणले. सिलिमरिन ऑक्सिडीकरणरोधक म्हणून प्रसिद्ध झाले, पण त्याचा सर्वांत ठळक उपयोग ज्या ‘डेथ कॅप’ नावाच्या विषारी अळिंबीच्या बाधेत होतो, तिथे ते अळिंबीचे विष यकृतपेशीत शिरण्याचे दारच अडवते. इतर आजारांत त्याची कसोटी कठोर होत गेली तसा त्याचा प्रभाव विरत गेला. हिपॅटायटिस-सी असलेल्या १५४ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त मात्रा देऊनही रक्ततपासणीच्या आकड्यांत फरक पडला नाही.

महाराष्ट्रात कावीळ झाली की भुईआवळ्याचा रस दुधातून वा ताकातून देण्याची आणि गावोगावच्या काविळीवाल्याकडे जाण्याची प्रथा जुनी आहे, आणि उसनी पिचकारी व सैनिकांची कावीळ यांच्या कथेतील भ्रम तिथेही काम करतो: दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुसंख्य लोकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणूनच १९८० मध्ये अंतरकर, वैद्य आणि त्यांच्या मुंबईतील सहकाऱ्यांनी कुटकीप्रधान आरोग्यवर्धिनीची दुहेरी-अंध पद्धतीने चाचणी घेतली, म्हणजे कोणाला औषध आणि कोणाला नुसती गोळी हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते, ही बाब कौतुकास्पद ठरते. कुटकीवरील त्यांच्या पुढील कामाचा वृत्तांत १९९६ मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये आला.

याच काळात पुण्यात यकृताच्या एका वेगळ्या विषबाधेचा छडा लागत होता. भारतीय बालकांमधील सिरोसिस हा सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलांचा जीवघेणा आजार एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता आणि त्याला आनुवंशिकतेपासून बाळाच्या आहारापर्यंत नाना कारणे चिकटवली गेली होती. या मुलांच्या यकृतात तांबे अफाट प्रमाणात साचलेले असते हे कळल्यावर आनंद पंडित, शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी मुलांच्या दुधाचा माग काढला, आणि तो कल्हई उडालेल्या किंवा मुळात कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यांपाशी येऊन थांबला. बाळाला लवकर वरचे दूध सुरू करणाऱ्या घरांत ते दूध अशा भांड्यात तापवून तसेच ठेवले जाई आणि त्यात तांबे उतरे. दुधातील तांब्यावरचा त्यांचा निबंध १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तांबे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन आजाराच्या सुरुवातीला दिले तर काही मुले वाचत, पण रोग मागे हटला तो भांडी बदलली म्हणून. स्टेनलेस स्टीलची पातेली घरोघर पोहोचली तसा तो रुग्णालयांतून दिसेनासा झाला.

पूरक द्रव्यांच्या दुकानदारीने पुढील दशकांत उलटा प्रवास केला. अमेरिकेतील औषधजन्य यकृतहानीची नोंद ठेवणाऱ्या संशोधन-जाळ्याने २०१४ मध्ये दाखवले की त्यांच्याकडील रुग्णांत वनौषधी व आहारपूरकांमुळे यकृत बिघडलेल्यांचे प्रमाण आठ-नऊ वर्षांत ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले होते. ऑक्सिडीकरणरोधक म्हणून विकला जाणारा हिरव्या चहाचा दाट अर्क या यादीत होता. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तपासलेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. कोविडच्या धास्तीने प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत असलेल्या या रुग्णांच्या यकृताला दाह झाला होता आणि काहींच्या यकृताच्या तुकड्यात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेने पेशींवर हल्ला केल्यासारखे चित्र होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली आणि रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्याच कुळातील, तिच्याशी सहज गफलत होणारी दुसरी जात होती, याची खातरजमा झालेली नाही, असा मुद्दा मांडला. त्या वादाचा निकाल वनस्पतीच्या ओळखीवर अवलंबून आहे. मात्र रुग्णाला ‘कोणते औषध घेता’ असे विचारले असता घरी काढलेल्या रसाचा उल्लेख तो बहुधा करत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसते. तेव्हा कावीळ घेऊन येणाऱ्याकडे काढे, चूर्णे आणि टॉनिके यांची चौकशी नाव घेऊन करावी लागते, आणि यादी हाती आली की त्यांतील प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा बंद केली जाते.